जावईबापूंनी मेली ठरवलेली डिस्क

आमच्या घरात जावयाला नाही म्हणत नाहीत. हा नियम कोणी केला ते ठाऊक नाही, पण तो मोडलेला मी एकदाच पाहिला. स्वयंपाकघरातला नळ डावीकडे फिरवल्यावर उघडतो, असं माझ्या नवऱ्याने जावईबापूंना सांगितलं होतं. जावईबापू म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. ते मघापासून तो नळ उजवीकडे पिळत होते. त्यांनी पाना खाली ठेवला, हात पुसले, जेवायला बसलेल्या ताईला उठवलं आणि भरल्या ताटावरून तिला घेऊन निघून गेले. त्यानंतर कित्येक महिने ताई माहेरी आली नाही, म्हणजे तिला येऊ दिलं नाही. नळ अजून गळतो.

तेव्हापासून ते काहीही बोलले की आम्ही हो म्हणतो. आधी सासूबाई म्हणतात, मग माझा नवरा, मग मी. माझं हो जरा उशिरा येतं, एवढंच.

जावईबापूंना सगळं येतं. फ्रिज येतो, मिक्सर येतो, गुडघेदुखी येते, दुसऱ्याच्या मुलांचं शिक्षण येतं. कुठल्याशा कंपनीत ते साहेब आहेत. हाताखालची माणसं काम करतात आणि हे त्यांच्या मागे उभं राहून सुचवतात. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याच्याही घरी असाच एक जावई येऊन बसत असणार.

आता माझ्याबद्दल. मी बूट करते. दुकानाच्या काचेत मांडतात तसले नव्हेत. ज्यांचे पाय त्या बुटांत बसत नाहीत अशा लोकांसाठी करते. कोणाचा एक पाय आखूड असतो, कोणाच्या अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं असतं, कोणाचे तळवे साखरेच्या आजाराने बधिर झालेले असतात. या बधिर पायांची मला सर्वांत जास्त काळजी असते. बूट चावतोय हे त्या माणसाला कळत नाही. मोजा लाल झाला की कळतं, आणि तेव्हा कधी कधी फार उशीर झालेला असतो. आमच्या भागातल्या टपालवाल्याचं एक बोट असंच गेलं, कोणा दुसऱ्याने शिवलेल्या बुटापायी. आता तो माझ्याकडे येतो आणि उरलेली बोटं सांभाळायची जबाबदारी माझी आहे.

म्हणून प्रत्येक पायाचा मी नकाशा ठेवते. कडेची रेघ, तळव्याचा ठसा, दाब कुठे पडतो, टाच किती उचलायची, गेल्या खेपेपासून काय बदललं. पाय बदलत असतो, आणि कसा बदलत आला हे कळल्याशिवाय पुढचा बूट कापता येत नाही. इतक्या वर्षांचे हे सगळे नकाशे माझ्या लॅपटॉपमध्ये होते. कागद केव्हाच टाकून दिले होते, कारण कागद घरात पसारा करतात असं जावईबापू म्हणाले होते आणि आम्ही हो म्हटलं होतं.

लॅपटॉप हळू चालत होता हे खरं आहे. तो हळू का झाला तेही मला ठाऊक होतं. मागच्या भेटीत त्यांनी त्यात व्हायरसपासून वाचवणारे तीन प्रोग्राम घातले होते, एकाहून तीन बरे म्हणून. ते तिघं आत एकमेकांच्या उरावर बसले होते.

त्या रविवारी मी घरामागच्या माझ्या कामाच्या खोलीत एका बाईंच्या पायाला साचा लावून पाहत होते. तेवढ्यात माझ्या नवऱ्याने लॅपटॉप उचलून जावईबापूंच्या पुढ्यात ठेवला. मला न विचारता. माझा नवरा शांत माणूस आहे असं सगळे म्हणतात. भित्र्या माणसाला लोक आदराने शांत म्हणतात, हे मला लग्नानंतर कळलं.

बाईंना वाटेला लावून मी बैठकीच्या खोलीत आले तर दरबार भरला होता. जावईबापू चांगल्या खुर्चीत. पाठीला उशी. सासूबाई शेजारी, देखावा बघायला बसल्यासारख्या. नवरा स्टुलावर, हातात फोन. ताई दारापाशी उभी, कधी कोणाला काय लागेल म्हणून. आणि टेबलावर माझा लॅपटॉप, त्याच्या कडेला खोचलेला काळा पेन ड्राइव्ह.

"या वहिनी," जावईबापू म्हणाले. "तुमचं मशीन नव्यासारखं करून देतो. जुनी सिस्टीम पूर्ण पुसायची, नवी टाकायची. मुळापासून."

"ह्यांना यातलं सगळं कळतं," ताई म्हणाली.

हे ताईचं ठरलेलं वाक्य. ते बोलायचे आणि ही मागून शिक्का मारायची. खरं सांगते, मला ताईचा राग यायचा, जावईबापूंपेक्षा जास्त. ते मूर्ख होते, त्याला इलाज नव्हता. पण ही शिकलेली बाई. लग्नानंतरही काही वर्षं एका आर्किटेक्टकडे घरांचे नकाशे काढायची, आणि हात असा की आर्किटेक्ट स्वतःची रेघ पुसून हिची ठेवायचा, असं सासूबाईच सांगतात. मग एके दिवशी सोडून दिलं. "कंटाळा आला तिला," जावईबापू सांगायचे, आणि ती मान डोलवायची. कंटाळा आला म्हणून आयुष्यभर एका माणसाचा शिक्का होऊन राहणाऱ्या बाईबद्दल मला फार माया वाटत नव्हती.

"माझे नकाशे आहेत त्यात," मी म्हटलं.

"बॅकअप!" त्यांनी बोट वर केलं. "बॅकअप घेतल्याशिवाय मी मशीनला हात लावत नाही. पहिलं काम तेच केलं."

"कुठे घेतलात?"

"ह्यात." त्यांनी काळ्या पेन ड्राइव्हवर टिचकी मारली.

"आणि नवी सिस्टीम कुठून टाकताय?"

"ह्यातूनच की." दुसरी टिचकी.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो स्टुलावर जरा सरकला. मी त्याला खुणेने आतल्या खोलीत बोलावलं. पेन ड्राइव्ह तिथल्या कॉम्प्युटरवर तयार केला होता आणि हा तेव्हा शेजारीच बसला होता.

"नवी सिस्टीम त्यात भरताना स्क्रीनवर काही विचारलं होतं का?"

"हो," तो म्हणाला. "यातलं सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं आलं होतं."

"मग?"

"भाऊजी म्हणाले, ते नेहमीच येतं."

"आणि तू?"

तो फोनची काच पुसू लागला. शांत माणूस.

म्हणजे या गृहस्थांनी माझे सगळे पाय एका पिशवीत भरले, आणि पिशवी रिकामी हवी म्हणून तीच पिशवी कचऱ्यात उलटी केली. आता ते नकाशे जगात एकाच जागी उरले होते, त्या लॅपटॉपच्या आत. आणि बाहेरच्या खोलीत ते तिथूनही पुसायचं काम मोठ्या उत्साहाने चाललं होतं.

मी बाहेर आले आणि सरळ सांगितलं. "भाऊजी, थांबा. बॅकअप पुसला गेलाय."

 सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या जावयाला शिवी दिली. जावईबापू मात्र हसले. क्षमाशील हसू, लहान मुलाला देतात तसलं.

"वहिनी, पेन ड्राइव्हला कप्पे असतात. एका कप्प्यात फायली, एका कप्प्यात सिस्टीम. तुम्ही चपला शिवा, हे माझ्यावर सोडा."

"सोड गं त्यांच्यावर," सासूबाई म्हणाल्या.

मी लॅपटॉप ओढून घेणारच होते. हातही पुढे गेला होता. पण दारात ताई उभी होती आणि तिचा चेहरा एकदम पडला होता. ते भरलं ताट मला आठवलं. मी जिंकले असते आणि त्याची शिक्षा तिला झाली असती. माझा राग असला तरी तेवढं मला कळत होतं.

आणि तेवढ्यात देव म्हणा, दैव म्हणा, कोणीतरी माझ्या बाजूने उभं राहिलं. नवी सिस्टीम कुठे टाकायची ते निवडा, असं विचारणारी पाटी स्क्रीनवर आली आणि खालची यादी कोरी निघाली. एकही डिस्क सापडली नाही, असं मशीनने स्वच्छ लिहून दिलं.

"हां," जावईबापू म्हणाले. "हे असं होतं कधी कधी."

त्यांनी मशीन बंद करून चालू केलं. यादी कोरीच होती. पेन ड्राइव्ह काढून उलट्या बाजूने खुपसून पाहिला, तो जाईना. मग दुसऱ्या भोकात घातला. यादी कोरी. मग त्यांनी लॅपटॉपच्या पाठीवर तळहाताने दोन थापा मारल्या, तान्ह्या मुलाचा ढेकर काढतात तशा. शेवटी म्हणाले, टेबल हलतंय. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी मनात म्हटलं. आमच्या घरात मनात बरंच काही म्हटलं जातं.

मी फोन घेऊन स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत गेले आणि जिथून लॅपटॉप घेतला होता त्या दुकानातल्या दुरुस्तीवाल्याला लावला. हा माणूस सुट्टीच्या दिवशीही फोन उचलतो, पण उचलल्याचे उपकार पूर्ण वेळ ऐकवतो, तेही शेजारच्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात.

"डिस्क दिसत नाही? कोणी सांगितलं होतं उद्योग करायला?" तो म्हणाला. "तुमचं मशीन नवं आहे. त्यात डिस्क एका कंट्रोलरच्या आड असते. इन्स्टॉल करणाऱ्या प्रोग्रामकडे त्याचा ड्रायव्हर नसला की त्याला डिस्क दिसत नाही. डिस्क ठणठणीत आहे, बाई. बायॉसमध्ये जायचं, म्हणजे मशीन चालू होतानाच उघडतो त्या सेटिंगच्या पडद्यावर, तिथे स्टोरेजचं एक सेटिंग बंद करायचं, की लगेच दिसेल."

"आणि दिसायला नको असेल तर?"

तो जरा थांबला. माझ्या डोक्यावर परिणाम झालाय की काय, याचा अंदाज घेत असावा. मी त्याला सगळं सांगितलं.

"मग कशालाही हात लावू देऊ नका. पेन ड्राइव्ह काढा, मशीन चालू करा, होतं तसं चालू होईल. पण त्यांनी ते सेटिंग बदललं आणि डिस्क दिसली, की दोन बटणांत तुमचं सगळं साफ."

फोन ठेवून वळले तर मागे ओट्याशी ताई चहा गाळत उभी. तिने वर पाहिलं नाही. गाळणी झटकली, कप ट्रेमध्ये ठेवले आणि बाहेर गेली. ऐकलं असेल तर आता जाऊन सांगेल, माझ्या मनात आलं. शिक्का तो शिक्काच.

बाहेरचं चित्र मोठं विलक्षण होतं. डिस्क सापडावी म्हणून सासूबाई हात जोडून बसल्या होत्या, नवरा फोनवर शोधत होता, जावईबापू घाम पुसत होते. आणि मी एकटी, मालकीण, सापडू नये म्हणून जीव मुठीत धरून उभी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असा सगळा प्रकार. फक्त या माणसाला कळसा सापडू नये, अशी माझी प्रार्थना होती. खुर्चीच्या मागे सरकून मी मनाशी ठरवलं, यादीत डिस्क दिसली की पेन ड्राइव्ह उपटायचा, मग होईल ते होवो.

अशा वेळी माझ्या शांत नवऱ्याला कंठ फुटला. त्याला तरी कधी फुटावा!

"भाऊजी, इथे लिहिलंय, बायॉसमध्ये स्टोरेजचं एक सेटिंग असतं, ते बंद केलं की..."

मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं वाक्य तिथेच मेलं. पण बोललं ते बोललं गेलं होतं.

जावईबापूंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "इंटरनेटवर कोणीही काहीही लिहितं. ते जुन्या मशीनचं." मी सुटकेचा श्वास सोडला. त्यांचा अहंकार माझ्या इतक्या उपयोगी पडेल असं कधी वाटलं नव्हतं.

पण असल्या माणसांचा एक गुण असतो. दुसऱ्याचं म्हणणं ते आधी झिडकारतात, मग चहा पितात, आणि कप खाली ठेवेपर्यंत ते त्यांचं स्वतःचं झालेलं असतं.

"मला काय वाटतं," कप ठेवून ते म्हणाले, "बायॉसमध्ये एकदा बघावं."

"किती डोकं चालतं हो तुमचं!" सासूबाई म्हणाल्या.

बायॉसचा निळा पडदा आला. ते एकेक पान उलटत गेले. घड्याळाचं पान. बॅटरीचं पान. पंख्याचं पान, तिथे त्यांनी पंख्याविषयी चार शब्द सांगितले. मग स्टोरेजचं पान आलं. वरून खाली येत पट्टी एका ओळीवर थांबली. तीच ओळ असणार. त्यांचं बोट बटणावर होतं. माझा हात पेन ड्राइव्हकडे निघाला.

"अहो," ताई म्हणाली.

ती ट्रे घेऊन त्यांच्या खांद्याशी येऊन उभी राहिली होती.

"किती वेळ वाकून बसलात, मान धरेल. मेलीच असणार ती डिस्क. जिवंत असती तर तुम्हाला दिसली नसती?"

बोट बटणावरून उचललं गेलं.

"तसं मला मघाशीच वाटलं होतं," ते म्हणाले.

"तुम्ही म्हणाला होतात की. मशीन आतून गेलेलं दिसतंय, असं." ते असं काहीही म्हणाले नव्हते.

"म्हणालो होतो," ते म्हणाले. मग खुर्चीत मागे रेलले आणि निकाल सांगितला. "मेली. काही उपयोग नाही. आता असं करतो, मशीन ऑफिसात नेतो, आमची पोरं नवी डिस्क टाकून देतील."

 ऑफिसातल्या पोरांना ते सेटिंग ठाऊक नसणार थोडंच. जुनी डिस्क दिसली की ती कशाला नवी टाकतील, हीच पुसतील आणि मोकळी होतील. पण ताई ट्रेमधले कप नीट लावत होती.

"न्या ना," ती म्हणाली. "फक्त पोरांना उगाच वाटायचं, साहेबांना घरी जमलं नाही म्हणून आणलं."

जावईबापूंनी क्षणभर विचार केला. त्यांना विचार करताना पाहणं हा दुर्मिळ योग होता.

"राहू दे इथेच," ते म्हणाले. "मेलेल्या मशीनवर वेळ कशाला घालवायचा? वहिनी, नवा घ्या तुम्ही. आमच्या ऐकण्यात राहिला असतात तर हे झालंच नसतं."

"हो," सासूबाई म्हणाल्या. "हो," नवरा म्हणाला. आणि मी ताईकडे बघतच राहिले. एवढी वर्षं मी जिला शिक्का समजत होते, ती बाई त्या माणसाला सुकाणू धरल्यासारखी वळवत होती, आणि होडीला वाटत होतं आपणच पोहतोय. मला माझी लाज वाटली आणि रागही आला, की इतकी अक्कल असून ती सगळी त्याची मान अवघडू नये म्हणून खर्च होते.

निघताना जावईबापू बाहेर गेले, गाडी काढायला. ताई दारात चप्पल घालत मागे रेंगाळली. पर्सच्या आतल्या कप्प्याची चेन उघडून तिने रुमालात बांधलेलं काहीतरी माझ्या हातात ठेवलं. आत एक जुनी डिस्क होती, लॅपटॉपमधून काढलेली.

"तुझ्या त्या दुरुस्तीवाल्याला दाखवशील?"

"कोणाची ही?"

"माझी. माझे सगळे नकाशे होते त्यात. ह्यांनी नवी सिस्टीम टाकायला घेतली होती, आणि ती दिसेनाशी झाली. मेली म्हणाले. काढून टाकून दिली." ती चपलेचा पट्टा लावत होती. "मी कचऱ्यातून उचलली. आर्किटेक्टचं काम वेळेवर देता आलं नाही, मग मीच तिकडे जाणं सोडलं. मघाशी गॅलरीत तू फोनवर बोलत होतीस ना, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, विचारून तरी बघावं."

"म्हणजे तुम्हाला कंटाळा..."

बाहेरून गाडीचा भोंगा वाजला आणि ती गेली.

ते गेल्यावर मी पेन ड्राइव्ह उपटला आणि लॅपटॉप चालू केला. तो धापा टाकत, त्या तीन रक्षकांना ओलांडत उघडला. माझे सगळे पाय जागच्या जागी होते. टपालवाल्याची उरलेली बोटं मी एकेक करून पाहिली. नवरा मागून म्हणाला, "भाऊजींना कळवायचं का?" मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो पुन्हा शांत झाला.

दुसऱ्या दिवशी दुकानात दुरुस्तीवाल्याने ताईची डिस्क एका डबीत बसवली, वायर त्याच्या मशीनला जोडली आणि जांभई दिली. जांभई पुरी व्हायच्या आत डिस्क उघडली.

"हिला काय झालंय?" तो म्हणाला. "मेली असं कोणी सांगितलं?"

"घरातल्या एका जाणकाराने."

"जाणकारांवरच माझं दुकान चालतं," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकावर ओरडायला वळला.

मी नकाशे उघडत बसले. घरामागून घरं. भिंती, दारं, जिने, पाण्याच्या वाटा, सगळं त्या स्वच्छ रेघेत. सगळ्यांत शेवटी एक अर्धवट घर होतं, त्याचं नाव 'आमचं' असं दिलेलं. त्यात एका खिडकीखाली लांब टेबल काढलं होतं आणि आत बारीक अक्षरांत 'मी' लिहिलं होतं. मी तिथूनच ताईला फोन लावला.

"ताई, सगळं आहे."

 मागून जावईबापूंचा आवाज येत होता, खिडकी कशी लावायची ते ते कोणाला तरी समजावत होते. आज घरीच होते वाटतं.

"काही झालंच नव्हतं तिला?" तिने शेवटी विचारलं.

"काही नाही."

"नुसती दिसत नव्हती?"

"त्यांना दिसत नव्हती."

मागे तो खिडकीचा उपदेश चालूच होता. मग ताई बोलली. ते मागेच उभे होते, तरी तिने आवाज खाली केला नाही.

"गाढव आहे गं हा माणूस."

मी हो म्हटलं. आमच्या घरात तशीच पद्धत आहे. या वेळी माझं हो मुळीच उशिरा आलं नाही.